बंधनकारक नसलेलं वाक्य

माझ्या नवऱ्याच्या मृत्युपत्रात सात कलमं होती. त्यातलं सहावं एकाच वाक्याचं होतं. माझं दहन करावं आणि माझ्या अस्थी हॅलिफॅक्सच्या दफनभूमीत, माझ्या मुलीच्या जागेत, तिच्याशेजारी पुराव्यात. हे वाक्य त्याने वकिलाकडून मुद्दाम घालून घेतलं होतं. दोन साक्षीदारांसमोर सही केली होती, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं घातली होती. २००९ च्या फेब्रुवारीत तो गेला. नवव्या दिवशी इथे कॅनडात, ओकव्हिलमधल्या वकिलाच्या ऑफिसात मला सांगण्यात आलं की बाकीची सहा कलमं कायद्याने पाळावी लागतील, हे एक मात्र पाळलंच पाहिजे असं नाही.

ज्या वकिलांनी मृत्युपत्र तयार केलं होतं ते केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीत आता एक तरुण बाई होती. हुशार, मृदू बोलणारी. माझ्यापुढे तिने कागदी रुमालांचा डबा सरकवून ठेवला होता. मी त्याला हात लावला नाही.

"हे कलम म्हणजे एक इच्छा आहे," ती म्हणाली. "ती बाइंडिंग नाही."

"बाकीची कलमं काय आहेत मग? त्याही इच्छाच आहेत ना?"

"त्या मालमत्तेबद्दल आहेत. माणसाचा देह ही कुणाची मालमत्ता नसते. त्यामुळे त्याबद्दल मृत्युपत्रात हुकूम करता येत नाही."

"मग त्याचं काय करायचं हे कोण ठरवणार?"

"एक्झिक्यूटर. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेला माणूस."

चौथं कलम त्याच्या पुस्तकांबद्दल होतं. त्याची पुस्तकं कुठे जावीत हे तो सांगू शकत होता आणि ते सगळ्या जगाला ऐकावं लागणार होतं. त्याची हाडं कुठे जावीत हे सांगायला मात्र त्याला तोंड नव्हतं.

मी आयुष्यभर पब्लिक लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम केलं. कुणी काही ठासून सांगितलं की ते कुठे छापलंय हे विचारायची मला सवय आहे. मी तिला विचारलं, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

"कायद्याच्या पुस्तकात नाही," ती म्हणाली. "कॉमन लॉ आहे. इंग्लंडच्या जुन्या निकालांतून आलेला. न्यायाधीशांनी ठरवलेला."

आमची मुलगी अकरा दिवस जगली. सत्तरच्या दशकात आम्ही कॅनडाच्या पूर्व टोकाला, हॅलिफॅक्सला नवेच होतो, त्याला युनिव्हर्सिटीत शिकवायची नोकरी लागली होती आणि त्या गावात मराठी बोलणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं. आपल्यात तान्ह्या मुलांना जाळत नाहीत, पुरतात, एवढं त्याला ठाऊक होतं. ते कुठे आणि कसं, हे सांगायला वडीलधारं कुणी नव्हतं. हॉस्पिटलमधल्या एका नर्सने दफनभूमीचा पत्ता दिला. तिथे त्याने तीन फुटांची एक जागा घेतली आणि पाटीएवढा दगड बसवला. पुढे आम्ही ओंटारिओत आलो, तरी दर एक-दोन उन्हाळ्यांनी तो तिथे जात असे, पुष्कळदा एकटाच. परत आल्यावर दगड पुसला, एवढंच सांगे. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही.

या गोष्टीबद्दल आम्ही कुणाशी बोललो नाही. आपल्याकडे इतक्या लहान मुलाचं सुतकसुद्धा धड धरत नाहीत, मग बोलणार काय? थोरल्या दिरांना माहीत होतं, पण एक घडून गेलेली गोष्ट म्हणून. त्यांच्या लेखी ती मुलगी म्हणजे एक दुर्दैवी आठवडा होता. त्याच्या लेखी ती मुलगी होती.

थोरले दीर ओंटारिओतल्याच केंब्रिजला राहतात. गाड्या जोडायच्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं क्वालिटी इंजिनीअर म्हणून काढली. आमच्या आधी ते इथे आले, आम्हाला टोरांटोच्या विमानतळावर घ्यायला तेच आले होते. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात, सत्तरी उलटलेला हा माणूस बर्फ पडला की पाऊण तास गाडी चालवून येई आणि आमचा ड्राइव्हवे फावड्याने साफ करून, चहा न घेता परत जाई. हे सगळं मी आधीच लिहून ठेवते. मला त्यांना वाईट ठरवायचं नाही. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

मृत्युपत्र करताना एक्झिक्यूटर म्हणून कुणाचं नाव घालायचं, असं वकिलांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने थोरल्या भावाचं नाव सांगितलं. पत्नीचं का नाही, असंही वकिलांनी विचारलं होतं. घरी आल्यावर तो मला हसत म्हणाला, "दादा असताना तुझं नाव कसं घालू? लग्नपत्रिकेत खाली निमंत्रक म्हणून वडीलधाऱ्यांचं नाव घालतात ना, तसं आहे ते. करायचं सगळं तुलाच आहे."

मलाही तसंच वाटलं. किंबहुना बरं वाटलं. सासरे गेल्यानंतर घरात थोरले तेच, त्यांचा मान राहिला. एका इंग्रजी कागदावर आम्ही एक मराठी मान ठेवला आणि त्या कागदाला मान कळत नाही, अधिकार तेवढा कळतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासारख्या वाचणाऱ्या बाईच्याही नाही.

दहनानंतर अस्थी घ्यायला आम्ही दोघं गेलो. काउंटरवरच्या माणसाने नावं विचारली, फाइल पाहिली, आणि पेन दिरांच्या पुढे केलं. मी शेजारी माझा आणि त्यांचा असे दोन कोट हातावर घेऊन उभी होते. त्यांनी सही केली आणि पेटी त्यांच्या हातात दिली गेली. चाळीस वर्षांच्या संसारानंतर मी त्या व्यवहारात कोट धरणारी होते.

तेराव्याला सगळं आटोपल्यावर मी त्यांच्यापुढे सहावं कलम ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं.

"अस्थी पुरायच्या? आपल्यात?"

"ह्यांनी तसं लिहिलंय, भाऊजी."

"अगं, पुरतात ते मुलांना. मोठ्या माणसाच्या अस्थी वाहत्या पाण्यात जातात. आई असती तर काय म्हणाली असती?"

"आई असत्या तर त्यांनी आधी नात कुठे आहे ते विचारलं असतं."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बरं. अर्ध्या-अर्ध्या करू. अर्ध्या मी नाशिकला नेतो, अर्ध्या तू तिकडे ने. बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे होकार असतो, फक्त तो पिकायला थोडे दिवस लागतात. मी तेव्हा गप्प बसले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मला वकिलीणबाईंचं ते वाक्य टोचत होतं. माणसाने शुद्धीत, साक्षीदारांसमोर, सही करून सांगितलेली गोष्ट बंधनकारक नाही, हे ठरवलं कुणी? कुठल्या अधिकारात?

मार्चभर मी वाचत राहिले. काही निकाल लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मिळाले. जुन्यांसाठी 'गो' लोकलने टोरांटोला, युनिव्हर्सिटीच्या लॉ लायब्ररीत गेले. तिथल्या मुलांना मी कुणाची तरी आजी वाटत असणार, वाट चुकलेली. एकाने मला वॉशरूम कुठे आहे ते न विचारता दाखवलं.

जे वाचलं ते थोडक्यात सांगते. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एका गृहस्थाने लिहून ठेवलं की मला जाळा, आणि ते काम एका मैत्रिणीवर सोपवलं. तिचा खर्च आपल्या मिळकतीतून द्यावा, असंही लिहिलं. तेव्हा तिकडे जाळण्याची पद्धत नव्हती. घरच्यांनी त्याला पुरलं. मग या बाईने दुसरीकडे पुरण्यासाठी म्हणून सरकारकडून परवानगी काढली, देह उकरून काढला, परदेशात नेला आणि जाळला. परत येऊन तिने खर्च मागितला. न्यायाधीशांनी सांगितलं, मिळणार नाही. तिने खोटं सांगून परवानगी काढली हे तर एक कारण होतंच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मृतदेह मालमत्ता नाही, म्हणून त्याची विल्हेवाट मृत्युपत्राने लावता येत नाही, म्हणून ताबा एक्झिक्यूटरचा. एका खटपट्या बाईची लबाडी निकालात काढताना त्यांनी पुढच्या सगळ्या मेलेल्यांचं तोंड बंद करून टाकलं.

आणि देह मालमत्ता नाही हे त्यांनी कुठून आणलं? तर त्याच्याही आधीच्या निकालांतून. मागे मागे जात मी एका चोरापर्यंत पोचले. तीन-चार शतकांपूर्वी एका माणसाने थडगी उकरून प्रेतांवरची कापडं चोरली. कापडं कुणाची, हा प्रश्न होता. प्रेताची नाहीत, कारण मेलेला माणूस कशाचाही मालक असू शकत नाही, ज्यांनी ती घातली त्यांची, असं न्यायाधीशांनी ठरवलं. बरोबरच आहे. पण पुढच्यांनी ते वाचताना उलटं वाचलं. प्रेत मालक होऊ शकत नाही, याचं झालं, प्रेताचा मालक कुणी होऊ शकत नाही. ही चूक आहे, असं अलीकडच्या पंडितांनी लिहूनही ठेवलंय. पण तोपर्यंत त्या चुकीवर इतके निकाल उभे राहिले होते की खालची वीट काढायची कुणाची छाती नव्हती. लायब्ररीत आमच्याकडून एखाद्या पुस्तकाची नोंद चुकली तर आम्ही कार्ड फाडून नवं लिहायचो. इथे चुकीचं कार्ड जितकं जुनं तितका त्याचा मान मोठा.

इंग्लिश कायदा असाच वाढतो. एखादं भांडण येतं. न्यायाधीश ते सोडवतात आणि सोडवताना दोन-चार वाक्यं लिहितात. पुढच्या भांडणात दुसरे न्यायाधीश ती वाक्यं उचलतात. भांडण विसरलं जातं, वाक्यं राहतात. मग ती समुद्र ओलांडून इथे येतात आणि ओकव्हिलमधल्या एका टेबलावर माझ्यापुढे ठेवली जातात. माझ्या नवऱ्याचंही एक वाक्य होतं. त्यावर त्याची सही होती. पण ते कुठल्या न्यायाधीशाने उचललं नव्हतं, म्हणून ते वाक्य नव्हे, इच्छा.

इथलाही एक निकाल मला सापडला. एका बाईने आपलं दहन व्हावं असं नवऱ्याला सांगितलं होतं, माहेरच्यांचा विरोध होता. कोर्टाने तिच्या मनासारखं होऊ दिलं. वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मग पुढचा परिच्छेद वाचला. तिची इच्छा बंधनकारक नव्हतीच, असं तिथे लिहिलं होतं. अधिकार नवऱ्याचा होता आणि नवऱ्याला तेच हवं होतं, एवढंच. म्हणजे तिचं ऐकलं गेलं ते योगायोगाने.

कुणाला तरी चटकन ठरवता आलं पाहिजे, मृतदेह काही थांबून राहत नाही, असा त्या निकालांतला एक युक्तिवाद आहे. तो मला कळतो. पण अस्थी थांबतात. अस्थींना घाई नसते.

हे सगळं मी छापून घेतलं. चाळीस-एक पानं झाली. महत्त्वाच्या ओळींवर पिवळ्या पेनने रेघा ओढल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंब्रिजला गेले. मनात अशी कल्पना की दीर सरळ मनाचे आहेत, हे वाचून त्यांनाही चीड येईल. आपल्या भावाच्या सहीची ही किंमत, असं म्हणतील आणि सहाव्या कलमाच्या बाजूने उभे राहतील. पुस्तकी माणसाचा हा आजारच आहे. आपल्याला जे वाचून राग आला ते दुसऱ्याला वाचायला दिलं की त्यालाही तोच राग येईल, असं त्याला वाटतं.

"हे काय?" दिरांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला.

"कोर्टाचे निकाल. ह्यांचं वाक्य का चालत नाही, ते यात आहे. वाचा म्हणजे कळेल किती अन्याय आहे."

"एवढं? परीक्षा कधी आहे?"

जाऊबाई पोहे घेऊन आल्या. गठ्ठ्याकडे बघून मला म्हणाल्या, "त्यांना काही वाचायला देत जाऊ नकोस बाई. डिशवॉशर आणला तेव्हा दोन दिवस मॅन्युअल वाचत होते. तेवढ्यात मी तीनदा भांडी घासली."

"आणि नंतर बारा वर्षं बिघडला नाही," दीर म्हणाले. "ते नाही सांगत ती."

आम्ही हसलो. तो गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसत होते. परत येताना हायवेवर मला हलकं वाटत होतं.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"वाचलं मी. दोनदा वाचलं."

"मग?"

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस? मी उगाच अर्ध्या-अर्ध्या करत बसलो. मला वाटलं, मोठा भाऊ म्हणून माझं मत विचारते आहेस. ही तर माझी ड्यूटी आहे. पान अकरावर स्पष्ट लिहिलंय. एक्झिक्यूटरने योग्य रीतीने, डीसंट मॅनरमध्ये विल्हेवाट लावायची. आता आपल्यात योग्य रीत कुठली? नाशिक. त्यात अर्ध्याचा प्रश्न कुठे येतो?"

"भाऊजी, ते चूक आहे म्हणून मी तुम्हाला दाखवलं."

"चूक कसं? कोर्टाने सांगितलंय. आणि तू स्वतः त्याखाली रेघ मारली आहेस."

त्यांच्या आवाजात कुरघोडी नव्हती. खरोखर हायसं वाटल्याचा सूर होता. कारखान्यात पंचवीस वर्षं त्यांनी स्पेसिफिकेशनप्रमाणे काम केलं होतं. भावाच्या अस्थींच्या बाबतीत त्यांना आईची रीत आणि भावाचा शब्द यांतून निवडायचं होतं, आणि ते त्यांना जड जात होतं. मी त्यांच्या हातात स्पेसिफिकेशन नेऊन दिलं. तोवर त्यांना आपल्याला असा काही अधिकार आहे हे ठाऊकच नव्हतं. तो त्यांना मी दिला.

मी फोन ठेवून दिला. मला संताप आला होता. स्वतःवर, त्यांच्यावर, आणि कधीच्या मेलेल्या त्या न्यायाधीशांवर, ज्यांच्या स्वतःच्या देहाचं पुढे काय झालं ते मला आजही शोधून काढावंसं वाटतं.

पुन्हा वकिलीणबाईंकडे गेले. काहीच करता येत नाही का?

"अर्ज करता येईल," ती म्हणाली. "एक्झिक्यूटरच्या निर्णयात कोर्ट कधीकधी लक्ष घालतं. पण क्वचित. त्यांनी काही अयोग्य केलंय असं दाखवावं लागेल. धर्माच्या रीतीप्रमाणे नदीत सोडणं, हे कुणी अयोग्य म्हणणार नाही."

"आणि हा नियमच बदलायचा असेल तर?"

"विधिमंडळाने कायदा करायला हवा. नाहीतर योग्य केस कोर्टात यावी लागेल." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुमची असू शकेल. सहीचं कलम आहे, मुलीची जागा आहे. मी खात्री देत नाही. पण कुणीतरी विचारल्याशिवाय न्यायाधीश उत्तर देत नाहीत."

तिने एका कोऱ्या कागदावर मला दाखवलं, वर नावं कशी लिहितात ते. डावीकडे माझं आडनाव, मध्ये 'विरुद्ध', उजवीकडे पुन्हा तेच आडनाव. मी त्या कागदाकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. ज्या माणसाने माझा ड्राइव्हवे साफ केला त्याला मी कोर्टात उभं करायचं, त्याने शपथेवर सांगायचं की भावाची इच्छा त्याने का डावलली, आणि मी शपथेवर सांगायचं की आमची मुलगी अकरा दिवस जगली. ते सगळं छापलं जाणार, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यावर पिवळी रेघ मारणार.

मी नाही म्हटलं. तिने आग्रह केला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मला जास्तच संताप आणते. त्या जाड ग्रंथांत फक्त भांडणाऱ्यांचं म्हणणं आहे. जे नात्यापायी, लाजेपायी, दुःखापायी दारातूनच परत फिरले त्यांची तिथे एक ओळ नाही. न्यायाधीश म्हणतात, इतकी वर्षं हा नियम चालत आला, कुणाची तक्रार दिसत नाही. माझी होती. पण तक्रार म्हणून मोजली जावी एवढा निर्लज्जपणा मला जमला नाही.

दीर नाशिकला निघायच्या चार दिवस आधी जाऊबाईंचा फोन आला. त्या आपणहून फोन करत नसत.

"शनिवारी सकाळी ते गाडीचे विंटर टायर बदलून घ्यायला जाणारेत," त्या म्हणाल्या. "दोन तास तरी मोडतात. तू ये."

पेटी घराच्या गॅरेजमध्ये, फळीवर ठेवली होती. अस्थी घरात आणायच्या नाहीत म्हणून. बाजूला बर्फाची फावडी, रंगाचे डबे. दोन महिने तो तिथे होता. जाऊबाईंनी पेटी खाली घेतली, आतल्या पिशवीची गाठ सोडली आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा पुढे ठेवला.

"किती घेऊ?"

मी डब्याचं झाकण काढलं.

"निम्म्या," त्यांनीच ठरवलं. "आधी ते निम्म्याच म्हणाले होते ना? मी ऐकलं होतं."

"वहिनी, त्यांना कळेल. पेटी हलकी लागेल."

"लागू दे. विचारलं तर सांगेन. विचारायचे नाहीत. घरात मी काय करते हे चाळीस वर्षांत विचारलं नाही, आता कशाला विचारतील?"

त्यांनी वाटीने मोजून घेतल्या, जरासुद्धा न सांडता. डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, "मीही तिला पाहिली होती. तुझी पोर. मी हॅलिफॅक्सला आले होते, आठवतं? पाचव्या दिवशी. माझ्या बोटाला धरलं होतं तिने." मला आठवत नव्हतं. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही.

आनंद व्हायला हवा होता. परतीच्या वाटेवर मला फक्त अपमान वाटत होता. त्याने उघडपणे, शिक्क्याच्या कागदावर मागितलेली गोष्ट, मी एका घराच्या गॅरेजमधून, मालक बाहेर गेलेला बघून, डब्यात भरून नेत होते.

मे महिन्यात हॅलिफॅक्सला गेले. दफनभूमीच्या ऑफिसमधला माणूस सभ्य होता. जागा कुणाच्या नावावर आहे ते त्याने रजिस्टरमध्ये शोधलं. माझ्या नवऱ्याचं नाव निघालं. अस्थी पुरता येतील का? येतील की. एवढ्याशा जागेतही येतील. दहनाचा दाखला आणि इस्टेट ट्रस्टीची सही हवी. इकडे एक्झिक्यूटरला कागदावर तेच म्हणतात. मी पर्समधून मृत्युपत्राची प्रत काढली आणि सहाव्या कलमावर बोट ठेवलं. त्याने सावकाश वाचलं.

"फार सुंदर लिहिलंय," तो म्हणाला. "ट्रस्टी तुम्ही का?"

"मी पत्नी."

"सही ट्रस्टीची लागेल."

मी बाहेर पडले. बसने दोन स्टॉप मागे येऊन हार्डवेअरच्या दुकानातून एक हातफावडं आणि फुलांच्या रोपांचा एक ट्रे घेतला. थडग्यांशी फुलझाडं लावणाऱ्या बायका तिथे नेहमीच दिसतात. कुणी वळून बघत नाही. दगडाशी गुडघे टेकून मी खणायला लागले. वरची माती मऊ होती, खाली मुळं आणि दगड. कोपरापर्यंत हात आत जाईल इतकं खणायला मला तास लागला. डबा रिकामा केला. माती सारखी केली. वर रोपं लावली, कारण लावायला तर आलेच होते. दगडावर तिची जन्माची तारीख आहे आणि दुसरी आहे. तिचं नाव ठेवायच्या आतच ती गेली होती, म्हणून नावाच्या जागी फक्त 'मुलगी' कोरलंय, आणि ते त्याने मराठीत कोरून घेतलं होतं. कारागिराला अक्षरं काढून दिली होती. शेजारी त्याच्यासाठी एका ओळीची जागा रिकामी आहे. तीही त्याने तेव्हाच ठेवून घेतली होती, हे मला त्या दिवशी समोर बसल्यावर दिसलं.

इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर जाऊबाईंच्या घरात वाद झाला असता. मागच्या वर्षी त्या गेल्या. दिरांनी त्यांच्या अस्थीही नाशिकला नेल्या. त्यांना कुठे जायचं होतं हे त्यांनी कुणाला सांगून ठेवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं. त्याबद्दलचा राग माझा मलाच आहे.

भाऊजी, तुमची पेटी हलकी का लागली हे तुम्ही वहिनींना विचारलं नाहीत, निदान त्या मला तसं कधी बोलल्या नाहीत. आता तुम्हाला कळलं. रामकुंडात तुम्ही त्याचं जे केलंत ते रीतीप्रमाणे केलंत, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण त्या दगडावर त्याचं नाव कोरायचं राहिलं आहे. मी तिथल्या ऑफिसला पत्र लिहून विचारलं. त्यासाठीही तुमचीच सही लागते, माझी चालत नाही. हे लिहिलेलं तुम्हाला पाठवते आहे, सोबत ऑफिसने पाठवलेला फॉर्म आहे. बाकी सगळं मी भरलंय. वाचून झालं की सही करा. जागा दुसऱ्या पानावर, खाली उजवीकडे आहे.